तेराव्या वर्षी वरचा पुढचा दात गेला : आता त्या जागी काय बसवावे?

वारणाकाठ

माझ्या मुलाला पुढच्या महिन्यात तेरावे वर्ष पूर्ण होईल. उन्हाळ्याच्या सुट्टीत सीझन बॉलने खेळताना चेंडू टप्पा पडून उसळला आणि थेट तोंडावर बसला. वरच्या ओळीतला उजवीकडचा मधला पटाशीचा दात हिरडीच्या बराच खाली, मुळापर्यंत तिरका मोडला होता. तो वाचण्यासारखा नाही असे सांगून डॉक्टरांनी उरलेले मूळही काढले. त्याच्या शेजारचा लहान पटाशीचा दात तेव्हा हलत होता. तो आता घट्ट बसला आहे, पण डावीकडच्या जोडीदाराशी ताडून पाहिल्यास त्याचा रंग किंचित मळकट वाटतो.

पुढे काय करायचे यावर आम्हाला तीन ठिकाणी तीन वेगवेगळे सल्ले मिळाले. एका दवाखान्यात सांगितले की हाड अजून चांगले आहे, तोवर इम्प्लांट (हाडात रुजवलेल्या स्क्रूवरचा कृत्रिम दात) बसवून घ्या, म्हणजे आयुष्यभराची काळजी मिटेल. दुसऱ्या ठिकाणी दोन्ही बाजूंचे दात घासून तीन दातांचा पक्का ब्रिज (त्या दोन दातांवर कॅप आणि मध्ये जोडलेला कृत्रिम दात) सुचवला आणि आठवड्याभरात काम होईल असे सांगितले. तिसऱ्या डॉक्टरांचे म्हणणे असे की अठरा वर्षांपर्यंत काढता-घालता येणारी एका दाताची कवळी वापरायची आणि तोवर दुसरे काहीही करायचे नाही. हा शेवटचा सल्ला ऐकून मुलाचा चेहरा उतरला. गावाकडे कवळी म्हटले की त्याच्या डोळ्यांसमोर आजोबांचा पाण्याचा पेला येतो.

मुलाचे खालचे दात दाटीवाटीने आलेले आहेत आणि वरचे पुढचे दात आधीपासूनच थोडे बाहेर आहेत. तार अद्याप लावलेली नाही. शाळा सुरू झाल्यापासून तो हजेरीच्या वेळी तोंड न उघडता नुसता हात वर करतो, असे त्याच्या बाईंनी सांगितले. त्यामुळे वर्षानुवर्षे थांबणे मनाला पटत नाही, पण घाईत भलतेच काही होऊन बसेल अशीही भीती वाटते. ज्यांना या विषयाची माहिती किंवा अनुभव आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

पटाशी

मी बालदंतरोगतज्ज्ञ आहे. मुलाला तपासल्याशिवाय त्याच्यासाठी नेमका उपचार सांगणे योग्य होणार नाही, परंतु या तीन सल्ल्यांमागचा विचार समजावून सांगता येईल. पहिले दोन सल्ले तूर्त बाजूला ठेवावेत, असे मी स्पष्टपणे म्हणेन.

आधी इम्प्लांटविषयी. नैसर्गिक दात हाडाला थेट चिकटलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक पातळ थर असतो, आणि जबडा वाढतो तसा दात त्या थराच्या आधारे आपल्या हाडासह खाली व पुढे सरकत राहतो. इम्प्लांटला हा थर नसतो, तो हाडात घट्ट रुजतो. त्याचे यश त्यातच आहे आणि वाढत्या वयातली अडचणही तीच. शेजारचे दात वाढीबरोबर खाली येतात, इम्प्लांट मात्र जिथे बसवला तिथेच राहतो. काही वर्षांत त्यावरचा दात आखूड, वर चढलेला दिसू लागतो, हिरडीची कड शेजारच्यांपेक्षा उंच राहते, आणि हे केवळ कॅप बदलून सुधारत नाही. स्वीडनमध्ये थिलँडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी किशोरवयात इम्प्लांट बसवलेल्या रुग्णांचा दहा वर्षे पाठपुरावा केला. त्यात असे आढळले की उंची वाढणे थांबल्यावरही काही रुग्णांत वरच्या पुढच्या भागात हा फरक पडतच राहिला. जन्मतःच बहुतेक दात नसलेल्या काही मुलांमध्ये खालच्या जबड्यात लवकर इम्प्लांट बसवतात, पण ती परिस्थिती अगदी निराळी आहे. तिचा दाखला एका दातासाठी देता येत नाही.

'अठरा वर्षे' हा आकडासुद्धा जरा सैल आहे. मुलींमध्ये चेहऱ्याची वाढ साधारण सतराव्या-अठराव्या वर्षी मंदावते, तर मुलांमध्ये ती वीस-एकविसाव्या वर्षापर्यंत आणि काहींत त्यानंतरही चालू राहते. आपल्या मुलाच्या वाढीचा सर्वांत वेगवान काळ तर अजून यायचा आहे. म्हणून वयाच्या दाखल्यापेक्षा सहा महिने ते वर्षभराच्या अंतराने काढलेले चेहऱ्याचे बाजूचे एक्स-रे एकमेकांवर ठेवून पाहतात आणि त्यात फरक दिसेनासा झाला, की मगच इम्प्लांटचा विचार करतात. मनगटाच्या एक्स-रेवरून वाढीचा टप्पा कळतो, परंतु जबड्याची वाढ संपली हे ठरवायला तेवढ्यावर अवलंबून राहू नये.

आता दात घासून बसवायचा ब्रिज. तेराव्या वर्षी दातातील नसेची पोकळी मोठी असते. कॅपसाठी चारही बाजूंनी दात घासताना नस उघडी पडण्याचा किंवा नंतर हळूहळू मरण्याचा धोका प्रौढांपेक्षा जास्त असतो. या वयात हिरडीही अजून आपल्या अंतिम जागी गेलेली नसते, त्यामुळे आज हिरडीखाली लपवलेली कॅपची कड चार-पाच वर्षांत उघडी पडते. तिसरी गोष्ट अशी की आपल्या मुलाच्या बाबतीत हा ब्रिज उजवीकडचा लहान दात आणि डावीकडचा मधला दात यांना जोडेल, म्हणजे जबड्याच्या मध्यरेषेच्या दोन्ही बाजू एकमेकींना बांधल्या जातील. वाढत्या जबड्यात हे टाळावे. शिवाय त्यातला उजवा दात स्वतःच मार खाल्लेला आहे. एका दातासाठी दोन धडधाकट, किंवा आपल्या बाबतीत दीड धडधाकट, दातांचे बाहेरचे कवच कायमचे घालवणे मला तरी या वयात कोणत्याही हिशेबाने परवडणारे वाटत नाही.

मात्र याचा अर्थ स्वस्थ बसावे असा नाही, आणि तिसऱ्या सल्ल्यातला 'काहीही करायचे नाही' हा भाग मला मान्य नाही. दात काढल्यानंतर ओठाच्या बाजूचे पातळ हाड झपाट्याने झिजते; दाताच्या जागेच्या रुंदीतील मोठी घट पहिल्या वर्षातच होते, आणि त्यातही पहिले काही महिने महत्त्वाचे असतात. दुसरीकडे शेजारचे दात मोकळ्या जागेत कलतात आणि मध्यरेषा सरकते. म्हणून त्या जागेवर काहीतरी लवकर बसले पाहिजे, ते उलटवता येण्याजोगे असले पाहिजे, आणि त्याच वेळी पुढच्या आठ-दहा वर्षांचा आराखडा कुणीतरी कागदावर मांडला पाहिजे.

कोथरूडकर

आमच्या मुलीचा वरचा मधला दात ती अकरा वर्षांची असताना स्केटिंग करताना गेला. ती आता महाविद्यालयात आहे, त्यामुळे मधल्या वर्षांत घरात काय काय घडते ते लिहितो. वैद्यकीय बाजू डॉक्टरांनी मांडली आहेच.

पहिली दोन वर्षे तिने कवळी वापरली. टाळूला चिकटणारी गुलाबी ॲक्रिलिकची पातळ प्लेट, दोन बारीक तारांचे आकडे आणि पुढे एक दात, असे तिचे स्वरूप होते. सुरुवातीला 'स' आणि 'श' नीट उमटत नसत. डॉक्टरांनी वर्तमानपत्र मोठ्याने वाचायला सांगितले आणि तो दोष थोड्याच दिवसांत गेला. खरी अडचण डब्याच्या सुट्टीत येई. जेवताना प्लेट काढून कागदी रुमालात गुंडाळून ठेवायची आणि डबा आवरताना तो रुमाल उष्ट्याबरोबर कचऱ्यात जायचा. एक प्लेट अशी गेली, तेव्हापासून आम्ही तिला झाकणाची भडक रंगाची डबी दिली आणि जेवताना प्लेट काढायचीच नाही असा नियम केला. समोरच्या दातांनी पेरू किंवा मक्याचे कणीस तोडायचे नाही, एवढे पथ्य पुरले.

रात्री झोपताना प्लेट काढून, घासून, पाण्यात ठेवावी लागते. अन्यथा टाळूला लाली येते. खेळतानाही ती काढून ठेवावी, हे आम्हाला पहिल्याच भेटीत बजावले होते. त्याचे कारण असे की धक्का लागून तुटलेला ॲक्रिलिकचा तुकडा श्वासनलिकेत गेला तर साध्या एक्स-रेत तो दिसत नाही. मूल वाढते तशी प्लेट घट्ट होते किंवा डगमगते, म्हणून ती अधूनमधून नवी करावी लागली. मऊ, लवचिक कवळीही आम्हाला सुचवली गेली होती. ती दिसायला बरी असते, पण तिची दुरुस्ती करणे किंवा वाढीनुसार तिच्यात बदल करणे कठीण जाते, असे कळल्यावर आम्ही त्या वाटेला गेलो नाही.

पुढे तारेचे उपचार संपल्यावर शेजारच्या दाताच्या मागच्या बाजूला चिकटवलेला दात बसवला, ज्याला मेरीलँड ब्रिज म्हणतात. दात घासावा लागला नाही, इंजेक्शनही नाही. तो एकदा परीक्षेच्या आदल्या दिवशी सुटला आणि घरात रडारड झाली, पण तोच दात स्वच्छ करून दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा चिकटवून मिळाला. कवळीच्या काळात मुलगी फोटोत ओठ मिटून असायची. हा दात बसल्यावर ती सवय आपोआप सुटली. तेव्हा ताई, मुलाला एवढे जरूर सांगा की आजोबांची कवळी आणि ही प्लेट यांत बराच फरक आहे, आणि ती कायमची तर मुळीच नाही.

तारजुळणी

मी ऑर्थोडोंटिस्ट आहे, म्हणजे तारेचे उपचार करतो. मूळ प्रश्नातले एक वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटले, आणि त्याविषयी तिन्ही दवाखान्यांत कुणी बोलले की नाही हे कळत नाही : खालचे दात दाटीने आलेले आहेत आणि वरचे पुढचे दात बाहेर आहेत. अशा मुलांमध्ये दाटी सोडवण्यासाठी पुष्कळदा काही उपदाढा (सुळा आणि दाढा यांच्या मधले दात) काढाव्याच लागतात. एका बाजूला निरोगी दात काढून टाकायचा आणि दुसऱ्या बाजूला कृत्रिम दात बसवायचा, हे करण्याआधी काढायचा तोच दात रिकाम्या जागी लावता येईल का, हा प्रश्न विचारला गेला पाहिजे.

याला दाताचे स्वयंप्रत्यारोपण म्हणतात. नॉर्वेत ओस्लो येथे स्लाग्सवोल्ड आणि बियर्के यांनी मूळ अर्धवट तयार झालेल्या उपदाढा हलवण्याची पद्धत घडवली, आणि कोपनहेगन येथे आंद्रेआसेन यांनी तिचा मोठ्या संख्येच्या रुग्णांत अभ्यास केला. ओस्लोच्या रुग्णांना पुन्हा बोलावून तपासल्याचा अहवाल २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रत्यारोपणाला १७ ते ४१ वर्षे उलटून गेल्यावरही त्यांतील ९० टक्के दात तोंडात टिकून होते. दंतवैद्यकात इतक्या लांबचा पाठपुरावा फारसा पाहायला मिळत नाही.

या पद्धतीत दाताचे मूळ दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश तयार झालेले असावे लागते. मुळाचे टोक अजून उघडे असल्यामुळे नव्या जागी नसेला पुन्हा रक्तपुरवठा मिळू शकतो आणि बहुधा रूट कॅनालची गरज पडत नाही. मुळाभोवतीचे तंतू जिवंत राहिले तर असा दात नैसर्गिक दातासारखाच वाढीबरोबर खाली येतो, आपल्यासोबत हाड आणतो आणि नंतर तारेने सरकवताही येतो; इम्प्लांटकडून यांतले काहीच होत नाही. उपदाढ समोर लावली की ती सुरुवातीला विचित्र दिसते हे खरे, परंतु कंपोझिट (दाताच्या रंगाचा भरणीचा मसाला) चढवून तिला पटाशीच्या दाताचा आकार देता येतो, आणि पुढे मोठेपणी चिनी मातीचा पातळ पापुद्रा किंवा कॅप बसवता येते.

आता अडचणी. मुळाची ही अवस्था साधारण दहा ते तेरा वर्षांदरम्यान सापडते आणि आपला मुलगा तिच्या शेवटाला आहे. खालची दुसरी किंवा वरची दुसरी उपदाढ कदाचित अजून योग्य टप्प्यावर असेल, परंतु पुढच्या दिवाळीपर्यंत ती तशी राहीलच असे नाही. म्हणून सर्व दातांचा एकत्र एक्स-रे, म्हणजे ओपीजी, या महिन्यातच काढून घ्यावा असे मी सुचवेन. दुसरी अडचण शल्यचिकित्सकाची. मुळावरचे तंतू न दुखावता दात उचलणे आणि आधीच तयार केलेल्या जागेत तो अलगद ठेवणे हे सरावाचे काम आहे, आणि आपल्याकडे ते नियमितपणे करणारे लोक कमी आहेत. सरावलेला हात मिळत नसेल तर हा मार्ग केवळ पुस्तकात चांगला दिसतो म्हणून पत्करू नये. हाताला घाई झाली आणि तंतू खरवडले गेले, तर मूळ हाडाशी एकजीव होते आणि इम्प्लांटसारखीच अवस्था ओढवते.

दुसरा पर्याय म्हणजे मोकळी जागा तारेने बंदच करणे. शेजारचा लहान पटाशीचा दात मध्यभागी आणायचा, सुळा त्याच्या जागी घ्यायचा आणि दोघांनाही कंपोझिटने नवे रूप द्यायचे. वरचे दात बाहेर असलेल्या मुलांत हे कधीकधी बसते. मात्र मधल्या दाताच्या जागी लहान दात आणला की त्याची मान अरुंद असल्यामुळे हिरडीपाशी आकार जुळवणे अवघड जाते, शिवाय सुळ्याचा पिवळटपणा आणि उंच हिरडी यांचाही विचार करावा लागतो. आपल्या बाबतीत तो लहान दात जखमी असल्याने या पर्यायाबद्दल मी जरा जास्तच सावध राहीन.

आणि यांतले काहीच जमले नाही, जागा राखून ठेवायची ठरली, तरी तार लागणार असेलच तर तारेच्या काळात कवळीची गरज नसते. कृत्रिम दाताला ब्रॅकेट (तार अडकवायची चिकटवलेली बारीक खुंटी) लावून तो तारेवरच अडकवतात आणि समोरून पाहणाऱ्याला तो ओळखूही येत नाही. जागेची रुंदी डावीकडच्या दाताच्या मापाने मिलिमीटरमध्ये राखता येते आणि शेजारच्या दातांची मुळे एकमेकांना समांतर ठेवता येतात. हे दुसरे काम पालकांना दिसत नाही, परंतु मुळे एकमेकांकडे झुकलेली असतील तर विसाव्या वर्षी इम्प्लांटला जागाच उरत नाही आणि पुन्हा तार लावावी लागते.

निशिगंध

याच विषयाला जोडून विचारते. माझ्या भाच्याचा दात अख्खा निखळून पडला होता. तो शाळेच्या मैदानातून शोधून, रुमालात बांधून, तीन तासांनी दवाखान्यात नेला आणि डॉक्टरांनी तो पुन्हा बसवला. आम्हाला वाटले की प्रश्न सुटला. आता दोन वर्षांनी तो दात शेजारच्यापेक्षा वर गेल्यासारखा दिसतो, ठोकल्यावर त्याचा आवाजही वेगळा येतो म्हणे. म्हणजे दात बसवणेच चुकीचे होते का?

पटाशी

निशिगंध, बसवणे चुकीचे नव्हते. बाहेर कोरडा राहिलेल्या दातावरचे तंतू साधारण तासाभरात मरतात, आणि त्यानंतर बसवलेला दात बहुतेक वेळा हाडाशी एकजीव होतो; ठोकल्यावर येणारा टणक, धातूसारखा आवाज हीच त्याची खूण असते. तरीसुद्धा किशोरवयात असा दात बसवणे हिताचे मानले जाते, कारण तो काही वर्षे जागा, हाड आणि मुलाचा चेहरा तिन्ही सांभाळतो. मूळ हळूहळू झिजून त्याची जागा हाड घेते. शेजारचे दात खाली येत राहतात आणि हा मात्र मागे राहतो, म्हणून तो वर गेल्यासारखा दिसतो.

हा फरक वाढू लागला की दात उपटून काढण्याची घाई करू नये. एकजीव झालेला दात उपटताना ओठाकडचे पातळ हाडही निघून येते. त्याऐवजी स्वीडनमध्ये मालमग्रेन आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये वर्णन केलेली एक शस्त्रक्रिया उपयोगी पडते. तीत दाताचा वरचा, म्हणजे तोंडात दिसणारा, भाग हाडाच्या पातळीखाली कापून काढतात, मुळातील रूट कॅनालचा मसाला साफ करतात, मूळ तिथेच राहू देतात आणि वरून हिरडी बंद करतात. मूळ सावकाश हाडात रूपांतरित होते, हाडाची रुंदी टिकते आणि वाढत्या वयात त्यावर नवे हाडही चढते. कापलेला वरचा भाग कधीकधी तसाच शेजारच्या दातांना चिकटवून तात्पुरता दात म्हणून वापरता येतो. भाच्याची वाढ चालू असताना हा निर्णय वेळेवर व्हायला हवा, म्हणून दर सहा महिन्यांनी फोटो आणि एक्स-रे काढून फरक मोजत राहा.

इतर वाचकांसाठी एवढे लिहून ठेवतो की कायमचा दात निखळल्यास तो मुळाला हात न लावता वरच्या भागाला धरून उचलावा, माती लागली असल्यास दुधाने किंवा वाहत्या गार पाण्याने क्षणभर धुवावा, घासू नये, आणि शक्य असल्यास तिथल्या तिथे खाचेत बसवून मुलाला रुमाल चावून धरायला सांगावा. ते जमत नसेल तर दात दुधात घालून तडक दवाखाना गाठावा. साध्या पाण्यात बुडवून आणू नये. दुधाचा दात पडला असेल तर तो परत बसवत नाहीत.

वारणाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. ओपीजी काढून घेण्याची तयारी केली आहे. आणखी तीन गोष्टी विचारायच्या आहेत. मेरीलँड ब्रिज लगेच बसवता येईल का, आणि तो एका दाताला चिकटवायचा की दोन्हींना? एका डॉक्टरांनी दोन्हीकडे चिकटवला तर मजबूत होईल असे सांगितले होते. दुसरे म्हणजे, मळकट दिसणाऱ्या दाताचे रूट कॅनाल आताच करून घ्यावे का? आणि तिसरे, मुलगा क्रिकेट सोडायला तयार नाही. त्याला खेळू द्यावे का? आम्ही तालुक्याच्या गावी राहतो, त्यामुळे कुठे जावे हेही कळले तर बरे होईल.

पटाशी

दोन्हीकडे चिकटवणे अधिक मजबूत असेल असे कुणालाही वाटेल, परंतु प्रत्यक्षात उलटे घडते. दोन दात चावताना आणि वाढीबरोबर वेगवेगळे हलतात, त्यामुळे एका बाजूचा पंख, म्हणजे शेजारच्या दातामागे चिकटवलेली पातळ पट्टी, सुटतो. दुसऱ्या पंखामुळे दात जागेवरच राहत असल्याने ते कुणाच्या लक्षात येत नाही आणि सुटलेल्या पंखाखाली दात किडतो. एकच पंख असेल तर तो सुटल्यावर दात हातात येतो, परत चिकटवता येतो आणि शेजारच्या दाताचे नुकसान होत नाही. जर्मनीत कील येथील केर्न यांनी सिरॅमिकच्या एकपंखी ब्रिजचा अनेक वर्षे पाठपुरावा करून तो दोन पंखांच्या ब्रिजपेक्षा अधिक टिकतो हे दाखवून दिले आहे. आपल्या मुलासाठी पंख डावीकडच्या निरोगी मधल्या दाताच्या मागे घ्यावा लागेल. दुसरी बाजू मोकळी राहत असल्याने मध्यरेषा बांधली जाण्याचा प्रश्नही उद्भवत नाही. धातूचा पंख असेल तर त्यामुळे आधाराचा दात किंचित करडा दिसू शकतो, झिर्कोनियाचा (एक मजबूत पांढरे सिरॅमिक) असेल तर दिसत नाही. परंतु झिर्कोनिया चिकटवण्याची रीत काटेकोरपणे पाळावी लागते. खालचे दात मागून वरच्या दातांना टेकत असतील तर पंखाला जागा आहे की नाही हे आधी पाहतात. आणि तार लागणार असेल तर आधी तार, मग हा ब्रिज, हाच क्रम बरोबर आहे.

मळकट दाताविषयी : केवळ रंग बदलला म्हणून रूट कॅनाल करू नये. मार लागल्यानंतर काही महिने नस थंड स्पर्शाला प्रतिसाद देत नाही आणि नंतर तो परत येतो, असे पुष्कळदा घडते. प्रतिसाद नसणे, एक्स-रेत मुळाच्या टोकाशी काळसर डाग दिसणे, हिरडीवर पू भरलेली पुळी येणे, ठोकल्यावर दुखणे यांपैकी किमान दोन लक्षणे मिळाली, तरच नस मेली असे मानून उपचार करतात. तोपर्यंत ठरलेल्या अंतराने तपासणी करत राहावी, आणि पुढेही काही वर्षे वर्षातून एकदा एक्स-रे काढावा, कारण मुळाची झीज कधीकधी उशिरा आणि न दुखता सुरू होते. तार लावणाऱ्या डॉक्टरांना या दाताला मार लागल्याचे आवर्जून सांगावे, म्हणजे ते त्याच्यावर हलके बल लावतील आणि तो शांत झाल्याची खात्री होईपर्यंत थांबतील.

क्रिकेट थांबवू नका. सीझन बॉलने खेळताना फलंदाजी आणि यष्टिरक्षण करताना जाळीचे हेल्मेट, आणि बाकी वेळ दातांचे माप घेऊन केलेला माऊथगार्ड वापरावा. दुकानात मिळणारा, गरम पाण्यात मऊ करून चावायचा माऊथगार्ड काहीच नसण्यापेक्षा बरा. पण तो सैल बसतो आणि मुले तो खिशातच ठेवतात. तारेचे उपचार चालू असताना दात सरकत असल्याने गार्ड पुन्हा पुन्हा करावा लागतो, तेव्हा त्या काळापुरता तारेसाठी जागा सोडलेला गार्ड मागून घ्यावा.

सांगली आणि कराड दोन्हीकडे दंत महाविद्यालये आहेत. मुंबईला जाणे शक्य असेल तर तेथील शासकीय दंत महाविद्यालय आणि महापालिकेचे नायर दंत महाविद्यालयही आहे. महाविद्यालयात जाण्याचा मुख्य लाभ खर्चाचा नाही, जरी तो कमी येतो. बालदंतरोग, ऑर्थोडोंटिक्स, मुखशल्यचिकित्सा आणि कृत्रिम दंतशास्त्र हे चारही विभाग एकाच इमारतीत असतात आणि आपल्या मुलाचा निर्णय या चौघांनी एकत्र बसून घ्यायला हवा. जाताना अपघाताच्या दिवशीचे एक्स-रे आणि दात काढल्याची चिठ्ठी बरोबर न्या, अपघाताआधीचा मुलाचा हसतानाचा एखादा स्पष्ट फोटोही न्या. केस-पेपर काढताना बालदंतरोग विभागाचा काढा आणि उपदाढेच्या प्रत्यारोपणाबद्दल पहिल्याच भेटीत विचारा, कारण थांबायला वेळ नसलेला पर्याय तेवढाच आहे; तो होणार नाही असे ठरले, तर त्याच दिवशी कवळीचे माप देऊन या.